उलथनं

जालना रोडवरच्या आमच्या खोलीत
एकवीस वर्षं मी एकच वाक्य टाईप करतेय.
इंग्रजीत, पण मला ते मराठीतच ऐकू येतं:
या संहितेतल्या कशानेही
उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांना मर्यादा येणार नाही.
आधी त्याचा आकडा चारशे ब्याऐंशी होता,
आता पाचशे अठ्ठावीस.
शहराचीही पाटी बदलली.
बोटं अजून जुन्या आकड्याकडे वळतात,
मग मागे येऊन खोडतात.

वकीलसाहेब नव्या ज्युनिअरला सांगतात,
हे कलम काही देत नाही, नीट वाच.
एवढंच म्हणतं, आधीपासून जे आहे
त्याला हात लावू नका.
ज्युनिअर मान हलवतो. त्याला उदाहरण हवं असतं.

उदाहरण भूमच्या एस.टी.नं येतं.
एकाच बाकावर बसून आलेले दोघं,
सुग्रीव गपाट, आरोपी,
लिंबराज मोटे, फिर्यादी.
दोघांच्याही अंगाला खव्याचा आणि धुराचा वास.
मोटेच्या डाव्या कानामागे
चामडी गोळा झालेली.

सहा वर्षांपूर्वी, भट्टीवर,
दुधाच्या मापावरून बोलाचाली झाली
आणि कढईतलं उलथनं बाहेर आलं.
पंचनाम्यात: लोखंडी, लांबी तीन फूट, तापलेलं.
एवढ्यानं तीनशे चोवीस लागलं,
आणि तीनशे चोवीस आपसात मिटत नाही.
तालुक्याच्या कोर्टात दोघं हात जोडून उभे राहिले,
तर साहेब म्हणाले, मला अधिकार नाही, वर जा.
"वर म्हंजी किती वर?"
दोनशे किलोमीटर.

कसं मिटलं ते शपथपत्रात नसतं.
'प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीने' असं मी लिहिते.
गपाटनं जिन्यात सांगितलं ते वेगळं:
लॉकडाऊनमधे गाड्या बंद, दूध नासायला लागलं,
त्याच्याकडं जळण उरलं नव्हतं.
रात्री मोटे येऊन कॅन उचलून न्यायचा,
पहाटे खवा दारात ठेवायचा.
महिनाभर.
बोलत मात्र नव्हता.

दोन न्यायमूर्ती. अनुक्रमांक त्रेचाळीस.
कुणाचा दबाव आहे का?
मोटेचा हात कानामागे गेला.
"न्हाई साहेब. तिकीट बी मीच काढलं, दोघांचं."
चार मिनिटं.
गुन्हा रद्द, न्यायाच्या हितासाठी,
दहा हजार विधी सेवेकडं भरा.
पुढचं प्रकरण.

बाहेर चहा पिताना मोटेनं विचारलं,
"ताई, उलथनं कवा मिळंल?"
कुठलं?
"ठाण्यात पडलंय की. माझ्या बापाचं हाय.
ह्यानं उसनं नेलतं."

मी विनंतीचा परिच्छेद काढला.
अ, गुन्हा रद्द करावा.
ब, तोवर खटल्याला स्थगिती द्यावी.
क, योग्य वाटेल तो इतर आदेश व्हावा.
मुद्देमालाचा शब्द नाही.
कशानंच मर्यादा न येणारा तो अधिकार
माझ्या विसरण्यापाशी येऊन थांबला होता,
आणि भूमच्या ठाण्यात, चिठ्ठी बांधलेलं,
एक उलथनं गंजत होतं.

कप ठेवला, वर येऊन नवी फाईल उघडली.
तालुक्याच्या कोर्टात द्यायचा साधा अर्ज, एक पान.
फी घेणार नाही म्हटलं.
अर्जदार कोण? उलथनं कुणाच्या ताब्यात द्यायचं?

दोघांनी
एकदमच
दुसऱ्याचं नाव सांगितलं.