जांबोटीच्या पुढची पाणचक्की

ओमनी थांबली तरी आई उतरेना.
एकतीस वर्षं गिरणवाल्याच्या घरात काढली,
सुट्टीच्या दिवशी परत गिरणच बघायची होय?
मांडीवरचा डबा तिनं आणखी घट्ट धरला.

आप्पा मात्र पुढं गेलेले.
पट्ट्याच्या आवाजानं त्यांचे कान कधीच नेलेत,
ओढा त्यांना ऐकू येत नव्हता,
खरं पायांना कळला असावा.
उंबऱ्याशी चप्पल काढून ठेवली,
शहापुरात गिरण उघडताना काढायचे तशी.

भिंतीवर कन्नडात चार ओळी.
मी अडखळत वाचल्या: साल, कुणा देसायाचं नाव,
पुढचं अक्षर उडालेलं.
फकीराप्पानं फळी उचलली.
पाटाचं पाणी खालच्या आडव्या चाकावर पडलं
आणि अख्खी खोली कुरकुरली.

सोहमनं विचारलं, बटण कुठाय?

वहिनीनं पिशवीतली शेरभर नाचणी ओतली.
पीठ आलं.
आप्पांनी ते अंगठ्यानं बोटावर चोळलं,
फकीराप्पानंही चोळलं.
"दप्प," तो म्हणाला.
आप्पांना ऐकू गेलं नाही.
"जाड पडतंय," ते म्हणाले.
मग दोघं उकिडवे बसले,
आप्पांच्या मुठीत नसलेली टाकी,
ठक ठक हवेतच:
चऱ्या बुजल्यात,
मधनं कडेला अशा तिरक्या जायला पायजेत.
फकीराप्पा जमिनीवर बोटानं तेच काढत होता,
थोडं वेगळं. आप्पांनी पुसून दुरुस्त केलं.
त्यानं परत आपलंच काढलं.

कधीतरी आई आत आली होती.
चौकटीवर सांडलेलं सवयीनं पदरात गोळा केलं,
मूठ गालाला लावली.
"गारच की गं हे."
गिरणीतनं आलेलं पीठ
तिला पोळूनच माहीत.

आप्पांनी चौकटीवर तळहात ठेवला, डोळे मिटले.
आम्ही हाका मारायचं सोडून
किती वर्षं झाली त्यांना,
आणि ते ऐकत होते.
सोहम फोटो काढायला गेला,
मी त्याचा हात खाली केला.

परत येताना कोणी फारसं बोललं नाही.
डब्यातली पोळी पिरनवाडीपर्यंत तशीच.
आप्पांच्या भुवईला नाचणी.
सिग्नलला गाडी थांबली तसे ते एकदम मागं वळले,
मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात:

"तेनं पाणी तोडलं काय गं निघताना?
दाणे संपल्यावर फिरत ठेवलं
तर दगड दगडाला खातोय."

तोडलं, आप्पा, तोडलं, मी हातानं सांगितलं.
खरं मी बघितलं नव्हतं.