वाटाण्याएवढी कुर्ली

आठ तास मी उजेडाच्या टेबलाशी उभी असते.
काचेखाली पांढरा दिवा, काचेवर हेक माशाचा तुकडा,
आणि मांस असं विरळ होत जातं
की आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखा
वेटोळं घालून निजलेला जंत दिसतो.
चिमटा. बशी. पुढचा तुकडा.
उणे वीस अंशांत पाच दिवस,
नाहीतर साठ अंशांत एक मिनिट:
भिंतीवरचा तक्ता मला पाढ्यासारखा पाठ आहे.
घरी येऊन डोळे मिटले
तरी पापणीमागे कुणीतरी
तो दिवा विझवायचा विसरलेलं असतं.

शनिवारी एलादियोने फाटकाला पिशवी अडकवली.
दोन किलो काळे शिनाणे, तराफ्याच्या दोरावरून नुकते खरवडलेले,
अजून खाडी हुंगत होते.
नळाखाली घासले. दाढ्या ओढल्या,
बिजागरीच्या दिशेने, उलट ओढली तर आतला जीव फाटतो.
जे आ वासून होते त्यांना टिचकी मारली:
मिटले ते जिवंत.
दोन मिटले नाहीत. ते मांजरालाही घातले नाहीत.

पातेल्यात तमालाची दोन पानं, वाटीभर पांढरी वाइन.
पाणी नाही. पाणी त्यांचं त्यांनी आणलेलं असतं.
वर झाकण.
"सारखं उघडून बघू नकोस,"
खुर्चीतून दोसिंदा म्हणाली, "वाफ लाजते."
पाच मिनिटं. तेवढ्यात मी पाव कापला,
तिची गोळी काढून ठेवली,
आणि झाकण आपणहून थडथडायला लागलं.

नवव्या की दहाव्या शिनाण्यात
नारिंगी मांसाच्या पदरात ती होती,
वाटाण्याएवढी कुर्ली,
फिकी गुलाबी, पाय पोटाशी घेतलेले.
माझा हात चिमटा शोधायला लागला
जेवणाच्या टेबलावर.

"राहू दे," दोसिंदा म्हणाली. "ती भाडेकरू."
जन्मभर म्हणे दुसऱ्याच्याच घरात.
तो समुद्र गाळत बसतो,
त्यातलं चिमूटभर ही खाते.
अंगावरचं कवचसुद्धा धड टणक होत नाही,
लागतंच कशाला?

बांडगूळ, मी म्हटलं.
म्हटलं आणि जीभ चावली.

अकरा वर्षं झाली.
तिचा मुलगा ग्रान सोलच्या बोटीवर गेला
तो आयर्लंडच्या कुठल्याशा बंदरात, कुणाच्याशा घरात
राहिला तो राहिलाच.
पत्र आलं ते तिच्या नावाने,
माझं नाव शेवटच्या ओळीत, तेही चुकीचं लिहिलेलं.
तिने ते चुलीत घातलं नाही, रडलीही नाही.
पुढ्यात टोपली ओढली
आणि दोघींपुरते बटाटे सोलले.
मी बॅग भरली होती. ती पलंगाखाली
अजून तशीच असेल, बघायला हवं.

विजेचं बिल ती मला भरू देत नाही.
तिच्या पायाची नखं मी कापते, तर दर वेळी
पाय आखडून घेते, जणू मी
काहीतरी चोरतेय.

तिला माझा शब्द ऐकू आला की नाही, कळलं नाही.
उजवा कान तिचा गेलेलाच आहे.
केसातला आकडा काढून तिने कुर्ली अलगद उचलली,
पावाच्या तुकड्यावर ठेवली
आणि पाव माझ्याकडे सरकवला.
"ज्याच्या ताटात आली त्याने खायची."
कुणी सांगितलं?
"मी सांगतेय ना."

भिंतीवरच्या तक्त्यात कुर्ली नाही.
तरी मनात साठ अंश, एक मिनिट मोजून घेतलं,
सवयच ती.
दाताखाली जेमतेम आवाज झाला.
आधी मीठ, मग अगदी उशिरा
गोडसर काहीतरी, नाव घ्यावं
तोवर गेलेलं.

पातेल्याच्या तळाशी रस्सा उरला होता, वर वाळूचे चार कण.
दोसिंदा त्यात पाव बुडवत होती,
हनुवटीवरून ओघळ,
आणि न पुसता विचारत होती
उद्या माझी पाळी कितीची,
म्हणजे कॉफी कधी टाकायची.