टिकली

खडेबाजारच्या मागल्या गल्लीत, जिन्याखाली
मी बोर्ड करते. दुकानांचे, गाड्यांचे, वाढदिवसांचे.
वस्तूवर दोनदा टिचकी मारली की
कोपऱ्यांवर वाकडे बाण उगवतात
आणि मधोमध एक बारीक टिकली.
सगळं तिच्याभोवती फिरतं.

आज उद्यमबागेतला इराप्पा मुचंडी आला.
गियर कापतो.
मी एक दात काढला, टिकली ओढून खाली नेली
दातापासून लांब, रिकाम्या जागेत.
पंधरा अंश, पुन्हा पंधरा, चोवीस वेळा.
चक्र पुरं झालं. मधे कुणीच नाही.
"लेथवर याला दिवस जातोय की ओ,"
म्हणत त्यानं खुर्ची पुढं ओढली.

मग नाव. वर कानडी, खाली मराठी,
दोन्ही जरा तिरपी, पळाल्यासारखी.
कानडी अक्षरं गोल;
कलली, घरंगळली, बसली जागेवर.
मराठीच्या डोक्यावर रेघ.
अर्धा अंश हलली तरी
भिंतीवरची तसबीर वाकडी झाल्यागत,
येणाऱ्याजाणाऱ्याचा हात शिवशिवतो.

"तुमची अक्षरं लई हट्टी."
तुमची पडली कधी तेच कळत नाही, मी म्हटलं.
मग दोघंही गप्प.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

बऱ्याच वेळानं म्हणाला, सरळच असू दे. दोन्ही.
अंशाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

पैसे मोजताना विचारलं,
ती टिकली छापून येती काय?
नाही ओ.
तिला शाई लागत नाही.