कुठली खराब

लामाराबाईंनी कॉम्प्युटर आणला
शेजारणीच्या बाबागाडीत घालून, वर शाल पांघरून,
रिओनीवरच्या पांढऱ्या पुलावरून, खडखडत.
म्हणाल्या, मध्येच मान टाकतो.
केव्हा?
केव्हाही. पत्र लिहिताना. पत्ते मांडले की.
परवा तर मी नुसती बघत होते त्याच्याकडे.

झाकण काढलं.
धूळ, मांजराचे केस,
सूर्यफुलाच्या बीचं एक टरफल, आत कसं गेलं देव जाणे.
पंखा फिरत होता. पंखा नेहमी फिरतच असतो
आणि लोक नेहमी त्यालाच बोल लावतात.

माझ्या कपाटातला पॉवर सप्लाय जोडून पाहिला:
दोन तास ठीक, मग निळा पडदा.
प्रोसेसरवरची वाळकी पेस्ट खरवडून
नवी लावली, वाटाण्याएवढी.
निळा पडदा.
ग्राफिक्स कार्ड काढून बाजूला ठेवलं.
निळा पडदा, त्यावर तोच पडेल चेहरा,
जसं काही बिघाडाचं खरं दुःख त्यालाच.

तेव्हा विचारलं, हल्ली काही नवीन बसवलंत?
बाई गप्प.
मग म्हणाल्या, बाद्रीनं पाठवलं.
मुलगा व्रोत्सवाफला, गोदामात रात्रपाळीला.
बाई मिनीबसवाल्याच्या हाती सुलुगुनीचा डबा पाठवतात;
रिकाम्या डब्यातून परत आली
मेमरीची पट्टी, पायमोज्यात गुंडाळलेली.
अजून वास होता तिला चीजचा.

दोन्ही पट्ट्या बाकावर शेजारी ठेवल्या.
कंपनी तीच. वेग तोच, लेबलावर छापलेला.
चिपा मात्र वेगळ्या कारखान्यांतल्या,
हाक मारल्यावर ओ द्यायला
एकीला लागतो दुसरीपेक्षा जरासा जास्त वेळ,
इतका जरासा की त्याला शब्द नाही.

पहिल्या रात्री जुनी एकटी. एकही चूक नाही.
दुसऱ्या रात्री नवी एकटी. स्वच्छ.
तिसऱ्या रात्री दोघी मिळून,
आणि पहाटे चारला लाल ओळी,
मी खुर्चीतच झोपलो होतो, तोंडावर लाल उजेड.

वेग उतरवला. व्होल्टेज चिमूटभर चढवलं.
खाचांची अदलाबदल केली.
नवं बायोस घातलं, वीज जाऊ नये म्हणून
आयुष्यात पहिल्यांदा वीज मंडळासाठी प्रार्थना केली.
लाल ओळी उशिरा आल्या.
आल्याच पण.
कागदावर सगळे आकडे सारखे
आणि आत छत्तीसचा आकडा.

शनिवारी बाई आल्या.
कुठली खराब?
कुठलीच नाही.
असं कसं, काहीतरी खराब असणारच ना.
एकेकटी दोन्ही चांगल्या आहेत, लामाराबाई. एकत्र नाहीत.
बाद्रीची काढायची नाही.
नाही काढत, तीच मोठी आहे. जुनी काढू.
का? जुनीनं काय केलंय?

एकोणीस वर्षं हे दुकान चालवतोय.
फुगलेले कपॅसिटर, जळलेल्या तारा,
एकदा तर अख्खी मेलेली पाल.
गुन्हेगार सापडला की बरं असतं,
तळहातावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवता येतो: हा बघा.
मी तळहात उघडला
आणि तसाच मिटला.

पैसे दिले त्यांनी, पण राग होता.
डॉक्टरनं सांगावं रिपोर्टमध्ये काही नाही,
तसं माझ्याकडे बघत
बाबागाडी उलटी फिरवून गेल्या.

आता बंद पडत नाही म्हणे.
रविवारी बाद्री पडद्यावर येतो, गोदामाचं जाकीट घालूनच,
आणि चित्र गोठत नाही,
गोठतो तो कधीकधी स्वतःच, बोलता बोलता, झोपेनं.

काल बाई दारातूनच ओरडल्या:
जुनी पट्टी धाडली मी त्याला, चीजच्या डब्यातून!
चालेल ना त्याच्या मशीनमध्ये?

तोंडात स्क्रू होते. काढले.
सांगता येत नाही, म्हटलं.
बसवून पाहावी लागेल.