डिझेलाची नळी

सर्जेकोटच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागं
जी खोली मला भाड्यानं मिळाली, तिचा गुण एकच:
थ्री-फेज वीज.
बाकी दोषच. भिंतींना घाम,
आणि खिडकीच्या गजांवर मीठ,
बोट लावून चाखावं इतकं.

वहीच्या शेवटच्या पानावर यादी आहे, तीनदा खोडलेली.
आधी कार्डं. चार हवीत, चोवीस-चोवीस जीबीची.
नवी घ्यायची तर होडी विकावी लागेल,
आणि होडी भावाची आहे.
मग जुनी. फोंड्याचा एक जण विकतोय,
दोन वर्षं रात्रंदिवस आभासी नाणी खणून दमलेली.
फोटोत धूळ पुसलेली दिसते.
पुसणाऱ्याची घाईही.

तीन पंख्यांचं कार्ड देखणं. एकटं असेल तर गुणीसुद्धा.
चार खेटून बसवली की मात्र
प्रत्येक जण आपला गरम श्वास
शेजाऱ्याच्या नाकात सोडतो.
म्हणून एका पंख्याचं घ्यायचं, बंद अंगाचं, बोंबलणारं,
जे आपली आग मागच्या दारानं बाहेर टाकतं.
देखणेपण खोडलं. आवाज लिहिला.

पास्कू फर्नांडिस स्टुलावर बसून बघत होता.
पन्नास वर्षं त्यानं बोटींची इंजिनं ऐकली:
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला,
मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले.
मग म्हणायचा, नोझल.
किंवा, तिसरो पिस्टन.
किंवा, कायेक नाय, तांडेलाचो वहिम.
आता डावा कान गेलाय.
उजवो, म्हणतो, भाड्यान आसा.

सहाशे बारा इंजिनं आहेत माझ्या मोबाईलमध्ये,
प्रत्येकापुढं त्याच्या तोंडचा दोष.
मशीनला तेवढंच शिकवायचंय. तेवढंच,
असं म्हणते खरी.

मी त्याला सांगू लागले की प्रोसेसरकडून कार्डांकडं
वाटा जातात, स्वस्तातल्या प्रोसेसरला वाटा कमी,
मग चारही कार्डं एकमेकांची वाट बघत…
त्यानं विडी कानावरून काढली.
"चार इंजिनां बसवतलंस,
आणि डिझेलाची नळी येकच?"
तीन रात्री वाचून मला जे कळलं होतं, ते एवढंच होतं.
प्रोसेसर खोडला. सर्व्हरमधला जुना लिहिला,
सावकाश, पण वाटांनी श्रीमंत.

मग विजेचा हिशेब. साडेतीनशे गुणिले चार.
वर प्रोसेसर. वर क्षणभराची उसळी.
बेरीज करत असतानाच
पलीकडं बर्फाचा कॉम्प्रेसर सुरू झाला
आणि माझी ट्यूब मान टाकून पुन्हा उठली.
कुणी काही बोललं नाही.
चारचा आकडा मी स्वतःच खोडला.

दोन.
बोर्ड मात्र चार जागांचाच घेतला.
(हा हट्ट. याचा हिशेब वहीत नाही.)
उरलेल्या पैशांत स्टॅबिलायझर,
हवेतलं पाणी शोषणारं यंत्र, आणि अर्थिंग.
अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा लागतो, आणि मीठ.
खोलीतलं मीठ बाहेर काढायला एवढा खर्च करून
मालवणच्या बाजारातून मी
दहा किलो मीठ विकत आणलं.
दुकानदारानं विचारलं, खारवतंस काय?

जोडणी झाली शनिवारी. बटण दाबलं.
पडद्यावर दोन्ही कार्डं दिसली, तापमान ठीक, सगळं हिरवं.
मी टाळी वाजवणार, तेवढ्यात
पास्कू उठला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला,
टोक कॅबिनेटला, मूठ उजव्या कानामागं.
डोळे मिटले.
बराच वेळ.

"खालच्याचा बेरिंग जातला. म्हयनोभरात."

पडदा अजून हिरवाच होता.
मी मोबाईल काढून पंख्याजवळ धरला
आणि नोंद केली:
नमुना सहाशे तेरा. बोट नाही.
दोष: बेरिंग.