अक्षरामागे साठ रुपये

म्हापशाचा शुक्रवार. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस उद्यावर,
आणि मी तिसऱ्यांदा त्याच गल्लीत.
मिक्सर आहे. मागच्या वर्षीचा शालू अजून प्लास्टिकात.
घड्याळं चार, त्यांतली दोन बरोबर.
"काही आणू नकोस," आई म्हणते, "ठेवायचं कुठे?"

पाटीवाल्यापाशी थांबलो.
आमच्या फाटकावरची पाटी खाऱ्या वाऱ्यानं खाल्लीय:
दामोदर शिं. नार्वेकर. एवढंच.
आईचंही घाला, म्हटलं.
"नाव?"
शशिकला, म्हणता म्हणता अडखळलो.
ते तर तिला त्याच दिवशी मिळालं,
ताटातल्या तांदळांत, अंगठीनं लिहिलेलं.
सकाळपर्यंत ती द्वारका होती, डिचोलीची.

वीज गेली की बाबा काळोखात विचारतात,
"द्वारके, मेणबत्ती खंय?"
आणि ती ओ देते.
दिवे आले की पुन्हा "अगो".

"लवकर सांगा. अक्षरामागे साठ रुपये."
मी बोटांवर मोजली. एक अक्षर कमीच भरत होतं,
स्वस्त पडलं असतं.
पण दोघांनी काळोखात जपलेलं
मी कोण फाटकावर टांगणारा?

मोयरच्या केळ्यांची एक फणी घेतली.
आणि मेणबत्त्यांचा पुडा,
मोठा.