तात्पुरतं

आपियाओच्या धक्क्यावरून लाँच सुटून गेली होती
आणि एदुविहिस कार्कामो, टोपलीत लसणाच्या माळा,
रिकाम्या पाण्याकडे बघत उभी.
"स्क्रीनवर तर आठची दाखवतंय," ती म्हणाली,
जसं काही ती स्क्रीन मीच.

सलग दुसरा मंगळवार.
आचाओच्या दवाखान्यातली डोळ्यांची तारीख
दुसऱ्यांदा हुकली.
मी शाळेतले चार कॉम्प्युटर सांभाळतो,
म्हणून बेटावर सगळ्यांच्या घरचे सांभाळतो.
क्वचित टोस्टरसुद्धा.

तिच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली,
वर दोरीवर ओली लोकर,
लॅपटॉपवर विणलेला रुमाल, देवावर घालावा तसा.
वेळापत्रक उघडलं. मागच्या हिवाळ्याचं.
लाँचचा मालक बदलला, वेळ बदलली, भाडं वाढलं,
आणि हे यंत्र नऊ महिने
एकदाच पाहिलेलं पान पुन्हा पुन्हा पानात वाढतंय,
शिळं,
पण ताज्याच्या थाटात.

"खोटं बोलतंय?"
खोटं नाही, दोन्या एदुविहिस, आळशी आहे.
दरवेळी समुद्र ओलांडून विचारायला कोण जाणार,
म्हणून एकदा आणलेलं उत्तर फळीवर ठेवतं
आणि मागाल तेव्हा तेच काढून देतं.
महिन्या-दोन महिन्यांनी फळी झाडायची.
नाहीतर साचतं. पानं अर्धीच उघडतात,
बटणं दाबली जात नाहीत, आणि मग मला बोलावणं येतं.

चष्मा पदराने, म्हणजे एप्रनने, पुसत ती पुढे वाकली.
मी वाचून दाखवलं: तात्पुरत्या फायली.
सगळ्यांत जुनी सहा वर्षांची.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "आणि तात्पुरती?"

रेमिहिओसुद्धा तात्पुरताच गेला होता.
मेंढ्या कातरायच्या एका हंगामापुरता, रिओ गायेगोसला.
लॅपटॉप ठेवून. चांगले बूट नेऊन.
हे बेटावर कुत्र्यांनाही ठाऊक आहे,
म्हणून मी कीबोर्डातले बटाट्याच्या सालीचे तुकडे
काढत बसलो.

तिने स्वतःच पत्रपेटी उघडली.
लोकरीच्या मागण्या यायच्या तिथे, रोज सकाळी,
आणि त्यांच्या आधी, रोज सकाळी:
पुन्हा स्वागत आहे, रेमिहिओ.
"हे पण फळीवरचंच?"
हे वेगळं. ह्याला कुकी म्हणतात.
"बिस्किट!" ती एवढी हसली की खोकला आला.

तीन चौकटी. चित्रं आणि फायली. कुकी. इतिहास.
हवं तेवढंच पुसता येतं, मी म्हणालो.
हवं ते ठेवता येतं.
ओलं लाकूड चुलीत सुसू करत राहिलं.

"पुसलं तर त्याला तिकडे कळेल?"
नाही.
"थोडंसं पण नाही?"
इथलं फक्त इथे.

ती उठली. किटली सरकवली. परत जागेवर सरकवली.
"मग पूस. इतिहास तेवढा राहू दे,
त्यात माझ्या विणीचे नमुने आहेत."

मी दाबलं. आवाज वगैरे काही झाला नाही.
एक निळी रेघ डावीकडून निघाली
आणि कशालाही न अडखळता उजवीकडे पोचली.

लाँच: सव्वासात. मंगळवार, गुरुवार.
पत्रपेटीत आता कोणी स्वागत करेना.
कोरा डबा, आत लुकलुकणारी उभी काडी,
आणि यंत्राने पहिल्यांदाच विचारलेलं: आपलं नाव?

ती एका बोटाने लिहायला लागली.
चौथ्या अक्षराशी अडकली.
मला दिसत होतं कुठलं हवंय ते.
मी सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी धुक्यात
ती सात वाजताच धक्क्यावर, लसणाचा वास आधी आला.
लाँच अकरा मिनिटं उशिरा लागली.
चढताना मला म्हणाली,
"हे काही तुझ्या स्क्रीनवर नव्हतं."